बँजोच्या फिंगरपिक्स बोटाला नीट बसवायच्या कशा : विकत घेण्यापासून वाकवण्यापर्यंत सगळं

पाच तारांचा बँजो शिकायला घेतला की पहिल्या महिन्यातली तक्रार बहुतेकांची एकच असते, फिंगरपिक्स, म्हणजे तार छेडायला बोटात घालायच्या नख्या, टोचतात, नाहीतर वाजवता वाजवता फिरतात किंवा सरळ उडून पडतात, आणि मग माणूस एकामागून एक ब्रँड बदलत सुटतो, दोन महिन्यांनी घरात पिक्सची डबी भरलेली असते आणि बोट तरीही दुखतच असतं. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो: आरामदायक पिक दुकानात मिळत नाही, ती आपल्याला बनवून घ्यावी लागते. पाकिटातून निघालेली धातूची पिक ही अर्धी तयार वस्तू असते, उरलेलं अर्धं काम तुमच्या बोटावर, तुमच्या हाताच्या कोनाप्रमाणे तुम्हीच करायचं असतं, आणि ते काम अवघड अजिबात नाही, फक्त कुणी नीट दाखवत नाही.

आपल्याकडे गणपतीच्या मिरवणुकीत वाजतो तो बेंजो वेगळा, त्याला टाइपरायटरसारखी बटणं असतात आणि तो हातात एक चपटी पट्टी धरून वाजवतात, त्याच्यासाठी हा लेख नाही. इथे विषय अमेरिकन बँजोचा आहे, गोल ढोलकीसारखं अंग, लांब दांडी आणि दांडीच्या मधूनच निघणारी आखूड पाचवी तार.

आधी बघा, तुम्हाला पिक्स लागतात का

हे सगळं तुम्ही कुठल्या स्टाइलने वाजवता त्यावर आहे. ब्लूग्रास या वेगवान अमेरिकन लोकसंगीतातली तीन बोटांची स्टाइल, म्हणजे अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, याच्यासाठी अंगठ्यात प्लास्टिकची थम्बपिक आणि दोन बोटांत धातूच्या फिंगरपिक्स हा ठरलेला संच आहे. ही स्टाइल जगभर पोचवली ती नॉर्थ कॅरोलिनाच्या अर्ल स्क्रग्ज यांनी, डिसेंबर १९४५ मध्ये ते ब्लूग्रासचे जनक मानले जाणारे बिल मन्रो यांच्या बँडमध्ये आले आणि त्यानंतर बँजोचा आवाज म्हणजे हाच असं लोकांच्या कानात बसलं. शेजारी फिडल आणि मँडोलिन जोरात चाललेलं असताना स्टीलच्या तारांवर उघड्या बोटांनी तेवढा आवाज आणि तेवढा टणत्कार निघत नाही, म्हणून धातू. शिवाय स्टीलच्या तारा नख खाऊन टाकतात, रोज तासभर वाजवणाऱ्याचं नख टिकतच नाही.

पण तुम्ही क्लॉहॅमर वाजवत असाल तर गोष्ट वेगळी. त्यात बोट वरून खाली तारेवर आपटतं, नखाच्या पाठीने तार वाजते, आणि तिथे बहुतेक लोक पिक घालतच नाहीत. नख फारच मऊ असेल तर कुणी अॅक्रिलिकचं नख लावतात, कुणी धातूची पिक उलटी, म्हणजे पातं नखाच्या बाजूला करून घालतात. नायलॉनच्या तारा लावून जुन्या पद्धतीचं शांत वाजवणारेही उघड्या बोटांनीच वाजवतात. तेव्हा तुम्हाला ब्लूग्रास वाजवायचं नसेल तर स्वतःला उगाच छळू नका. बाकीचा लेख तीन बोटांवाल्यांसाठी.

पिकचे भाग आणि काय विकत घ्यायचं

धातूच्या फिंगरपिकचे दोन भाग. एक पातं, जे तारेला लागतं, आणि दुसरी पट्टी, जी बोटाला गुंडाळली जाते. पट्टीची दोन टोकं कानांसारखी दोन्ही बाजूंनी वर येतात. त्रास जवळजवळ नेहमी या पट्टीचा असतो आणि आवाजाची तक्रार जवळजवळ नेहमी पात्याची, हे डोक्यात ठेवलं की पुढचं सगळं सोपं जातं.

जाडी इंचात लिहिलेली असते आणि बऱ्याच पिक्सवर ती कोरलेलीच असते. डनलॉप कंपनीच्या पिक्स ०.०१३ पासून ०.०२५ इंचापर्यंत मिळतात, म्हणजे साधारण ०.३३ मिलिमीटर ते ०.६४ मिलिमीटर. ऐकायला हा फरक काहीच वाटत नाही पण बोटावर खूप आहे. ०.०१३ आणि ०.०१५ च्या पिक्स हाताने सहज वाकतात, घालायला मऊ वाटतात, म्हणून नवीन माणूस त्याच उचलतो, पण वाजवताना त्या हळूहळू उघडतात, मग तुम्ही परत दाबता, परत उघडतात, आणि एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवलेला धातू कडक होत होत शेवटी तडकतो. ०.०२२५ आणि ०.०२५ च्या जाड पिक्स एकदा आकार दिला की तो आकार सोडत नाहीत, आवाजही भरीव येतो, पण त्यांना आकार द्यायला पक्कड लागते आणि चुकीचा आकार राहिला तर त्या बोटाला माफ करत नाहीत. मी सुरुवातीला ०.०१८ सांगेन, ती हाताने वाकते आणि टिकते पण. त्यावर आपल्या बोटाचा आकार समजला की मग त्याच मापाने ०.०२२५ ची जोडी तयार करा, बरेच जण तिथेच कायमचे थांबतात.

धातूचं म्हणाल तर निकेल सिल्व्हर सगळ्यात कॉमन, नावात सिल्व्हर असलं तरी त्यात चांदी नसते, तांबं, निकेल आणि जस्त असतं. ज्यांना स्वस्त कानातले किंवा घड्याळाचा पट्टा घातल्यावर खाज सुटते त्यांनी याच्यापासून लांब राहावं, कारण ती अॅलर्जी बऱ्याचदा निकेलचीच असते आणि घामाने ती वाढते. त्यांच्यासाठी पितळेच्या पिक्स आहेत. पितळेचा आवाज थोडा गोलसर, उबदार वाटतो, आणि धातू मऊ असल्यामुळे आकारही छान घेतो, फक्त काळा पडतो. स्टेनलेस स्टील गुळगुळीत असतं, तारेवरून सुळकन निघतं, पण वाकवायला हट्टी आहे आणि पहिल्या जोडीसाठी मी तरी ते सुचवणार नाही.

प्लास्टिकच्या फिंगरपिक्स पण मिळतात. गिटारवर ठीक आहेत, बँजोवर मला त्या आवडत नाहीत, पातं जाड असल्यामुळे तार सापडेपर्यंत अर्धा रोल (बोटांनी ठरलेल्या क्रमाने वाजवायची सुरांची साखळी) निघून जातो आणि आवाजात टकटक जास्त. निकेल सोसत नाही आणि पितळही मिळत नाही अशी अडचण असेल तरच घ्या.

याशिवाय काही वेगळ्या घडणीच्या आहेत त्या माहीत असू द्या. प्रोपिक कंपनीच्या काही पिक्समध्ये पात्याच्या जागी मधे मोकळं सोडलेलं असतं, म्हणजे बोटाची कातडी उघडी राहते आणि तार जाणवते, उघड्या बोटांनी गिटार वाजवत आलेल्यांना हे फार लवकर जमतं. त्यांचीच दुभंगलेल्या पट्टीची घडण पण आहे, त्यात पुढची पट्टी वेगळी आणि मागची वेगळी वळवता येते, त्याचा फायदा काय ते खाली कळेलच. अलास्का पिक नावाची एक आहे जी नखाच्या वर बसते आणि नखाच्या टोकाखाली अडकते, पण त्यासाठी थोडं नख वाढलेलं लागतं. आणि दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या नॅशनल ब्रँडच्या जुन्या पिक्सबद्दल लोक भारावून बोलतात, त्या चांगल्या आहेत यात वाद नाही, पण त्यांचा भाव हा जुन्या वस्तू जमवणाऱ्यांचा भाव आहे. शिकणाऱ्याने त्या नादी लागायचं कारण नाही.

भारतात कुठे मिळतील? बँजो वाजवणारे आपल्याकडे मोजके, पण मांडीवर आडवी ठेवून वाजवायची स्लाइड गिटार आपल्याकडे चांगली रुजलेली आहे, विश्वमोहन भट यांची मोहनवीणा त्याच घराण्यातली, आणि ही मंडळी पण थम्बपिक आणि धातूच्या फिंगरपिक्सच वापरतात. म्हणून दुकानात विचारताना बँजोच्या पिक्स आहेत का असं विचारू नका, दुकानदार मिरवणुकीच्या बेंजोची चपटी पट्टी काढून देईल, स्लाइड किंवा हवाईयन गिटारच्या बोटात घालायच्या पिक्स आहेत का असं विचारा. पुण्या-मुंबईच्या मोठ्या म्युझिक शॉपमध्ये किंवा ऑनलाइन डनलॉपच्या सुट्या पिक्स मिळून जातात. अमेरिकेतून कुणी येणार असेल तर अर्थातच सोपं, मूठभर पिक्सना बॅगेत जागाच लागत नाही. एका जाडीच्या दोन नव्हे तर चार मागवा, एखादी वाकवताना बिघडली तर हळहळ नको.

बोटाला बसवायचं काम

सामान काय लागतं ते आधी काढून ठेवा: नोज प्लायर, त्याच्या दातांना गुंडाळायला इन्सुलेशन टेप (नाहीतर धातूवर ओरखडे उठतात आणि तेच पुढे बोटाला घासतात), एक जाड मार्कर पेन, एक लाटणं, आणि हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो पाण्याचा पॉलिश पेपर, ६०० नंबर, १००० आणि २०००. बस एवढंच.

पिक कुठल्या बाजूने घालायची ते पक्कं करा, कारण नखावर घालायची असते असं वाटणारे खूप आहेत. तीन बोटांच्या स्टाइलमध्ये पातं बोटाच्या मऊ बाजूला येतं, ज्या बाजूचा आपण ठसा उमटवतो त्या बाजूला. नख उघडं राहतं आणि पट्टीचे कान नखाच्या दोन्ही बाजूंनी वर येऊन नखाच्या मुळाजवळ थांबतात.

पट्टीची जागा म्हणजे नखाचं मूळ आणि टोकाकडचा सांधा यांच्या मधली. सांध्यावर गेली की बोट वाकताना पट्टी आड येते आणि दहा मिनिटांत तिथे लाल रेघ उठते. फार पुढे नखावर आली तर कान नखावर घसरतात, कातडीला पकडत नाहीत, आणि पिक फिरते. घालून बोट पूर्ण वाकवून बघा, कुठेच काही अडलं नाही पाहिजे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथे मी मुद्दाम जास्त वेळ घेतो. बोट हे सरळ नळीसारखं नसतं. टोकाकडे ते निमुळतं होत जातं आणि नखाजवळ त्याचा छेद गोल नसून चपटा, लंबगोल असतो, रुंदी जास्त आणि जाडी कमी. पाकिटातल्या पिकची पट्टी मात्र सरळ आणि गोल असते. म्हणजे तुम्ही ती दाबून घट्ट केलीत की काय होतं, मागची कड बोटाच्या जाड भागात रुतते आणि पुढची कड हवेतच राहते. सगळा दाब एका धारेवर. टोचतं ते म्हणून, आणि फिरतं तेही म्हणूनच, कारण पकड एका रेघेवर आहे, पूर्ण पट्टीवर नाही. लोक यावर उपाय म्हणून अजून घट्ट दाबतात आणि दुखणं वाढवतात.

करायचं असं. पिकचे कान आधी हाताने थोडे उघडा. मग लाटण्याची मूठ घ्या, ती टोकाला निमुळती असेल तर फारच चांगलं, आणि पट्टी तिच्यावर अशी गुंडाळा की पिकचं टोक मुठीच्या निमुळत्या टोकाकडे येईल. अंगठ्याने सगळीकडून सारखं दाबा. पट्टी आता पुढून लहान आणि मागून मोठी झाली, बोटासारखी. निमुळती मूठ नसेल तर मार्करवर गुंडाळून नंतर पुढची कड पकडीने थोडी थोडी आत घ्या. मग ती पट्टी वरून हलकी दाबून लंबगोल करा. घाला, बघा, काढा, परत दाबा, घाईने एकदम वाकवू नका, केसभर वाकवायचं आणि घालून बघायचं. दुभंगलेल्या पट्टीची पिक असेल तर हे काम अजून सोपं, पुढची पट्टी थोडी घट्ट आणि मागची थोडी सैल ठेवली की झालं.

कानांची टोकं बघायला विसरू नका. ती बाहेर फाकलेली असतील तर शेजारच्या बोटाला लागतात आणि आत वळलेली असतील तर नखाच्या मुळाच्या नाजूक कातडीत घुसतात. ती कातडीवर सपाट पडली पाहिजेत. बोट बारीक असेल आणि कान एकमेकांवर चढत असतील तर पत्र्याच्या कात्रीने ते थोडे कापा आणि कापलेली कड पॉलिश पेपरने गोल करा. लहान मुलांसाठी तर हे करावंच लागतं, आणि त्यांच्यासाठी पातळ पिक्सच बऱ्या.

किती घट्ट? हात खाली सोडून जोरात झटका, पिक जागेवर राहिली पाहिजे. मग दुसऱ्या हाताने ओढा, जरा ओढल्यावर सहज निघाली पाहिजे. या दोन्हींच्या मधे तुमचं माप आहे. दहा मिनिटं वाजवून काढल्यावर हलका ठसा दिसला आणि थोड्या वेळात गेला तर ठीक, पण बोटाचं टोक जांभळं-लाल होत असेल, बधिर वाटत असेल, ठणकत असेल तर ती सवय नसल्याची गोष्ट नाही, ती पिक घट्ट आहे, लगेच सैल करा. सितार वाजवणाऱ्यांना हे मुद्दाम सांगतोय, मिजराब, म्हणजे सितारची तारेची नखी, गच्च बसवायची सवय झालेली असते आणि तोच हिशोब इथे लावला जातो, पण इथे पट्टी रुंद आहे, ती बोटाला मिठी मारून बसते, तेवढा आवळा लागत नाही.

पट्टी झाली की पात्याकडे या. बोटाच्या टोकाच्या पुढे पातं साधारण दोन ते चार मिलिमीटर यावं. जास्त आलं की तार शोधावी लागते आणि तारेत अडकतं, कमी आलं की बोटाची कातडी तारेला लागून आवाज दबतो. पातं सपाट ठेवायचं की बोटाच्या गोलाईप्रमाणे वळवायचं यावर बँजोवाल्यांमध्ये कधीच एकमत होत नाही. सपाट पात्याचा आवाज कडक, चमकदार, पण अडकायची शक्यता जास्त. वळवलेलं पातं तारेवरून सहज सुटतं, आवाज जरा मऊ होतो, आणि बोटाला जवळ असल्यामुळे आपलंच बोट वाजतंय असं वाटतं. नवीन माणसाने वळवलेलंच ठेवावं असं माझं मत. मार्करवर पातं ठेवून अंगठ्याने हळूहळू दाबलं की गोलाई येते, टोकापाशी तीक्ष्ण घडी पडू देऊ नका, वळण सगळीकडून सारखं हवं. फार वळवलंत तर पिक तारेवरून नुसती घसरेल आणि आवाज पडेल, मग थोडी परत उघडा.

आणि मग कोन. बँजो धरून बसा, करंगळी आणि अनामिका बँजोच्या ताणलेल्या पडद्यावर टेकवा जशी वाजवताना टेकवता, तर्जनीची पिक दुसऱ्या तारेवर आणि मधल्या बोटाची पहिल्या तारेवर नुसती ठेवा, वाजवू नका. आता मोबाइलचा कॅमेरा ब्रिजच्या, म्हणजे तारा ज्या लाकडी घोडीवर टेकतात तिच्या, बाजूने धरून एक फोटो काढा. पात्याची पूर्ण रुंदी तारेवर सपाट टेकली आहे की फक्त एक कोपरा लागतोय? बहुतेकांचा कोपराच लागत असतो, कारण हात मनगटातून तिरका येतो आणि बोटं तारांना काटकोनात जात नाहीत. कोपरा लागला की ती घासल्यासारखी खरखर येते, आणि चौथ्या तारेवर ती सगळ्यात जास्त ऐकू येते कारण ती तार गुंडाळलेली असते. उपाय दोन, एकतर पिक बोटावर थोडी फिरवून घाला, नाहीतर पट्टी तशीच ठेवून पातंच पकडीने किंचित पिळा. मी दुसरा उपाय सांगेन, कारण फिरवून घातलेल्या पिकची पट्टी परत बोटाच्या आकाराशी जुळत नाही आणि आधीची सगळी मेहनत वाया जाते. तर्जनीला आणि मधल्या बोटाला वेगवेगळा पीळ लागतो, तेव्हा दोन्ही पिक्स एकदा जमल्या की आतल्या बाजूला परमनंट मार्करने त आणि म लिहून ठेवा. हे इतकं साधं आहे पण न लिहिल्यामुळे रोज अदलाबदल होते आणि रोज पिक्स बिघडल्यासारख्या वाटतात.

शेवटचं, पॉलिश. पट्टीच्या सगळ्या कडा आणि पात्याची धार ६०० च्या पेपरने पाण्यात बुडवून हलकी घासा, मग १०००, मग २०००, शेवटी जुन्या जीन्सच्या कापडावर खसाखसा. कारखान्यातून कापलेल्या पत्र्याची कड बोटाने कळत नाही एवढी बारीक धारदार असते, पण तासभर वाजवल्यावर तीच कळते. पात्याचं टोक गुळगुळीत झालं की खरखर अजून कमी होते, फरक लगेच ऐकू येतो.

अंगठ्याची पिक

अंगठा बँजोमध्ये सगळ्यात जास्त काम करतो, पाचवी तार पूर्णपणे त्याची, तरी लोक थम्बपिककडे सगळ्यात कमी लक्ष देतात. मिडियम आणि लार्ज अशी मापं असतात, दोन्ही एकेक घ्या, स्वस्तातल्या प्लास्टिकच्या घेतल्या तर परवडतं. पट्टी नखाच्या मुळाच्या मागे, सांध्याच्या पुढे बसली पाहिजे. अंगठा वाकवल्यावर पट्टीची मागची कड सांध्यात रुतली नाही पाहिजे.

प्लास्टिकची पट्टी सैल किंवा घट्ट करायला गरम पाणी. उकळून गॅसवरून उतरवलेल्या पाण्यात चिमट्याने पिकची फक्त पट्टी वीस-तीस सेकंद धरायची, बाहेर काढून अंगठ्याएवढ्या जाडीच्या लाकडी दांड्यावर हव्या त्या मापाला धरून ठेवायची आणि तशीच गार पाण्यात बुडवायची. गरम पिक थेट अंगठ्यावर घालू नका, चटका बसतो. आणि मेणबत्ती, लायटर, गॅसची ज्योत यांच्या जवळ कधीच नेऊ नका, काही पिक्स सेल्युलॉइडच्या असतात आणि सेल्युलॉइड भसकन पेटतं. काही प्लास्टिक, जसं डेलरिन, गरम पाण्याला दाद देत नाही, तिथे पट्टीच्या आतून कडा घासून जागा करणं एवढंच हातात असतं.

यातून सुटायचं असेल तर धातूची पट्टी आणि प्लास्टिकचं पातं अशा थम्बपिक्स मिळतात, त्यांची पट्टी फिंगरपिकसारखीच हाताने वळवता येते. ज्यांचा अंगठा दोन मापांच्या मधे अडकतो त्यांच्यासाठी हा मार्ग खरंच चांगला आहे. ब्लूचिप या महागड्या ब्रँडच्या थम्बपिक्सचं खूप कौतुक होतं आणि त्या गुळगुळीत वाजतात हे खरं, झिजतही हळू, पण किंमत पाहता आधी साध्या पिकवर आपल्याला पातं किती लांब, कुठल्या कोनात लागतं ते कळू द्या, मग घ्या.

पात्याची लांबी इथे फार महत्त्वाची. पाकिटातून येते ती थम्बपिक बऱ्याच जणांना लांब पडते, मग अंगठा तारांच्या आत खोल जातो, परत बाहेर काढायला वेळ लागतो आणि तर्जनीच्या पिकवर आपटून टिक टिक आवाज येतो. नेलकटरने टोक एकेक मिलिमीटर कापत जा, दर वेळी कानशीने गोल करा आणि वाजवून बघा. कापलेलं परत जोडता येत नाही म्हणून धीराने.

थम्बपिक अंगठ्यावर फिरत असेल तर आधी बघा पातं तारेला सपाट लागतंय का. कोनात लागणाऱ्या पात्याला प्रत्येक फटक्याला तार पिळते, ती फिरणारच, तुम्ही कितीही घट्ट करा. अंगठ्याचा कोन जरा बदलून, किंवा तिरक्या पात्याची थम्बपिक घेऊन हे सुटतं.

घाम

मुंबईत, कोकणात, गोव्यात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. आकार बरोबर दिला असेल तर निम्मा प्रश्न संपलेला असतो, पण मे महिन्यात उरलेला निम्मा पण पुरेसा त्रास देतो. वाजवायच्या आधी साबणाने हात धुवून कोरडे करा, हाताला क्रीम किंवा तेल असेल तर कुठलीच पिक टिकणार नाही. पट्टीच्या आत मधमाशीचं मेण अगदी किंचित चोळलं तर छान पकड येते. औषधाच्या दुकानातली कापडी चिकटपट्टी आतून एक थर लावली तरी चालते, फक्त मग पट्टी तेवढी सैल करून घ्या. टाल्कम पावडर लावू नका, कोरडं वाटतं आणि घसरतं. उलट थंड कोरड्या जागी राहणाऱ्यांचा, म्हणजे शिकागो-टोरांटोकडच्या आपल्या लोकांचा, प्रश्न उलटा असतो, थंडीत बोटं बारीक होतात आणि कातडी कोरडी पडते, तिथे बोटाला जरासं पाणी लावलं की पुरतं. उन्हाळ्याची आणि हिवाळ्याची अशा दोन जोड्या ठेवणारे लोक आहेत आणि मला ते अगदी योग्य वाटतं.

सवय

पिक्स घातल्यावर पहिले काही दिवस तार कुठे आहे तेच कळत नाही, आवाज मोठा आणि टोचरा वाटतो, आणि वाटतं की उघड्या बोटांनीच बरं होतं. इथे सोडू नका. रोज आधी दहा मिनिटं पिक्स घालून फक्त रोल वाजवा, अंगठा-तर्जनी-मधलं बोट असा फॉरवर्ड रोल, आणि अंगठा-तर्जनी-अंगठा-मधलं बोट असा अल्टरनेटिंग थम्ब रोल, अगदी सावकाश, आणि जेवढ्या हलक्या हाताने जमेल तेवढ्या. बोटांनी तार ओढायची नाही, पिक तिच्यावरून पुढे जाऊ द्यायची. नवीन माणूस पिक न जाणवल्यामुळे जोर लावतो आणि जोरामुळेच पिक फिरते, मग दोष पिकला जातो. दहा मिनिटांनी काढा, बोटं चोळा, पाच मिनिटांनी परत घाला. हळूहळू वेळ वाढवा. एक दिवस पिक्स घालून आणि एक दिवस न घालता असं मात्र करू नका, हाताला दोन वेगवेगळी अंतरं शिकावी लागतात आणि एकही पक्कं होत नाही.

बोटाला जखम असेल, नखाच्या बाजूला सोललं असेल तर भरेपर्यंत थांबा. आकार दिलेल्या, पॉलिश केलेल्या पिक्स घालूनही आठवड्यांनंतर बधिरपणा येतच असेल तर तो पिकचा विषय राहत नाही, मनगट आणि खांदा कसा धरताय ते बघा आणि डॉक्टरांना दाखवा.

सांभाळणं

पिक्स केसमध्ये सुट्या टाकल्या की तारांच्या पाकिटांखाली, कॅपोखाली चेपतात आणि तुम्ही तासभर बसून दिलेला आकार एका प्रवासात जातो. छोटी कडक डबी ठेवा, गोळ्यांची किंवा जुन्या फिल्मची असली तरी चालेल, आत कापडाचा तुकडा घाला. वाजवून झालं की घाम पुसूनच डबीत टाका. पितळेच्या पिक्स काळ्या-हिरव्या पडल्या तर पितांबरीने किंवा चिंचेने देवाच्या भांड्यांसारख्या घासा, नीट धुवा आणि पूर्ण कोरड्या करा, कडेला राहिलेली पावडर बोटाला लागून चुरचुरते.

महिन्यातून एकदा पात्याचं टोक उजेडात तिरकं धरून बघा. तारेने पाडलेले बारीक ओरखडे दिसतील आणि ते तुमच्या हाताचा खरा कोन सांगतात. ओरखडे पात्याच्या मधोमध असतील तर कोन बरोबर आहे. एका कोपऱ्यातच असतील तर त्या बाजूला केसभर पीळ द्या आणि परत पॉलिश करा. टोकाला खाच पडली असेल तर कानशीने सरळ करून घ्या, पण पातं त्यामुळे आखूड झालं आणि बोटाची कातडी तारेला लागायला लागली तर ती पिक बदला. नवीन पिकला आकार देताना जुनी शेजारी ठेवा आणि तिच्याकडे बघून वळवा, पहिल्या वेळेच्या निम्मा वेळही लागत नाही. म्हणूनच जमलेली जुनी जोडी झिजली तरी टाकू नका, पुढच्या जोडीचं माप तीच आहे.